नवीन गाडीच्या पेंटला संत्र्याच्या सालीसारखा दाणा आहे, घिसाई करून सपाट करून घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की महिनाभर जुनी काळी गाडी आहे, दरवाजांत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ न दिसता लाटा-लाटांचं दिसतं, शोरूमवाले म्हणतात नॉर्मल आहे, आणि एक डिटेलिंग स्टुडिओवाला, म्हणजे गाड्या चमकवून देणारा, म्हणतोय की वेट सँडिंग, म्हणजे पाणी-पेपरनं घिसाई करून आरसा करून देतो. करावं का? नाही. अजिबात करू नका. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा सगळ्यात वरचा पारदर्शक थर, कंपनीनं जेवढा दिलाय तेवढाच आहे, एकदा घासून गेला की तो परत येत नाही.

कारण सांगतो, थोडं लांबेल, कारण याच विषयावरून आमच्या घरात अजून बोलाचाली होते.

ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात माझं डेंटिंग-पेंटिंगचं वर्कशॉप आहे, वडिलांनी काढलेलं. त्यांच्या काळात ॲम्बॅसॅडर, फियाटवर लॅकरचे थरावर थर चढायचे आणि पाणी-पेपरनं घोटून मग रबिंग करणं हा कामाचाच भाग होता, घोटल्याशिवाय त्या रंगाला चमकच नव्हती. लोकांच्या डोक्यात अजून तेच बसलंय की पेंट जितका घासाल तितका उजळतो. आजच्या फॅक्टरी पेंटला हे लागू नाही. पत्र्यावर आधी फॉस्फेट, मग ईडी कोट, म्हणजे अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेनं बसवलेला प्रायमर, साधारण 20 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावर सरफेसर, म्हणजे रंगाखालचा मधला थर, 30-35, मग रंगाचा बेस 15 च्या आसपास आणि सगळ्यात वर क्लिअर 35 ते 50. सगळं मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन. डोक्याचा केस 70 मायक्रॉनच्या जवळपास असतो, तेव्हा तुमचा क्लिअर किती बारीक आहे बघा, आणि त्याच थरात तो स्टुडिओवाला मशीन चालवणार आहे.

आणि दाणा दरवाजांवरच जास्त का दिसतो, तर फॅक्टरीत रोबोच्या हातात गन नसते, मिनिटाला हजारो चकरा मारणारी बेल, म्हणजे घंटेच्या आकाराची फिरकी असते, ती पेंटचे थेंब उडवते आणि विजेच्या चार्जमुळे ते बॉडीकडे ओढले जातात. थेंब पडले की एकमेकांत मिसळून सपाट व्हायला थोडा वेळ लागतो. बॉनेट आडवं, तिथे पेंट निवांत पसरतो. दरवाजा उभा, तिथे जाड मारला तर ओघळतो, म्हणून तिथे बेतानंच मारतात आणि बेतानं मारलेला पेंट तेवढा पसरत नाही. मग 140 डिग्रीला भट्टीत गेला की जसा आहे तसा पक्का. म्हणजे बॉनेटपेक्षा दरवाजांवर दाणा जास्त असणं हे शोरूमवाल्याचं थापा मारणं नाही, या बाबतीत तो खरं बोलतोय. फॅक्टरीत हा दाणा मोजतातसुद्धा, वेव्ह-स्कॅन नावाचं यंत्र असतं, मोठ्या लाटा वेगळ्या मोजतं, बारीक वेगळ्या, आणि ठरलेल्या हद्दीत असला की गाडी पास.

आता आमच्या साडूभाऊंची गोष्ट. आमच्याकडे व्यापार मेळ्यात गाडी घेतली की बहुतेक वर्षी रोड टॅक्समध्ये 50 टक्के सूट मिळते, त्यामुळे इथले लोक मेळ्यासाठी गाडी लांबवतात आणि मग सगळ्यांची एकदम झुंबड. साडूभाऊंनी पण काळी गाडी मेळ्यातच घेतली. रात्री लायटिंगमध्ये डिलिव्हरी, हार, पेढे, फोटो, आणि आठवड्यानं पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली त्यांना दाणा दिसला. आले माझ्याकडे. मी पेंट गेज, म्हणजे पेंटची जाडी मोजायचं यंत्र, लावून प्रत्येक पॅनल मोजलं. छत 121, बॉनेट 118, दरवाजे 104 ते 109. म्हटलं सगळं ओरिजिनल आहे, हात लावू नका, वर्षातनं एकदा हलकं पॉलिश करा नि बिनधास्त चालवा. तर म्हणाले, "तुम्ही ठोकलेल्या गाड्या करता हो, नव्या गाडीच्या फिनिशिंगचं काम वेगळं असतं." आयुष्य या धंद्यात गेलं, आणि आमच्याच घरातला माणूस त्या स्टुडिओचं काचेचं दार नि एसी बघून असं बोलतो. वाईट वाटलं, आजही वाटतं.

त्यांनी स्टुडिओत दिली. छत-बॉनेटला दाणा कमी होता म्हणून सोडलं, दोन्ही बाजूचे दरवाजे नि फेंडर ठरले. वर मला फोन करून बोलावलं, काम कसं करतात बघायला या म्हणून. गेलो. पोरगा मशीनला पेपरची डिस्क लावून मागच्या दरवाजावर चालवत होता, पाणी मारत होता. आता हे नीट वाचा, तुमच्या कामाचं आहे. क्लिअर घासला जातो तेव्हा पाण्यात येणारा गाळ दुधाळ पांढरा असतो. हँडलच्या वर दरवाजाला जी घडी असते ना, पूर्ण लांबीची, त्या घडीवर मशीन आलं तेव्हा गाळ आधी राखाडी झाला आणि मग काळं पाणी खाली टपकायला लागलं. काळं पाणी म्हणजे क्लिअर संपला, आता बेस घासतोय. मी ओरडलोच, अरे थांब. घडीवर, कडांवर पेंट आधीच पातळ असतो आणि डिस्कचा सगळा जोर त्याच रेषेवर पडतो, म्हणून तिथे आधी टेप लावायची असते, त्यानं लावली नव्हती. पोरानं फडक्यानं पुसलं, कंपाउंड, म्हणजे चमक आणायची पेस्ट मारली, काळ्या रंगात बेस उघडा पडला तरी लगेच कळत नाही, वरून सिरॅमिक कोटिंग, म्हणजे चमकेचा पातळ थर चढला आणि गाडी खरंच आरसा दिसायला लागली. सगळे खूश. मी खिशातला गेज काढून त्याच दरवाजाच्या सपाट भागावर टेकवला, 82. बावीस ते सत्तावीस मायक्रॉन गायब, म्हणजे क्लिअरचा जवळपास निम्मा. साडूभाऊ म्हणाले, "शोरूमपेक्षा भारी झालीय, तुम्हाला उगाच खोट काढायची सवय आहे."

क्लिअरमध्ये ऊन अडवणारं औषध मिसळलेलं असतं. थर निम्मा झाला की ऊन अडवायची ताकदही उतरते. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर त्या घडीवर पांढुरकी रेघ दिसायला लागली, मग ती रुंदावली आणि क्लिअरचे पापुद्रे सुटायला लागले. आता साडूभाऊ काय म्हणतात माहितीय? कंपनीचा पेंटच खराब होता. गणपतीला बसलो तरी हेच, मुंजीत भेटलो तरी हेच, आणि बाकीचे नातेवाईक माना डोलावतात.

तर एकदा लिहूनच टाकतो. गाडीत सगळ्यात जास्त ऊन छत आणि बॉनेट खातं, दरवाजे नाही. पेंट कंपनीचा खराब असता तर आधी छत गेलं असतं. छत आणि बॉनेट आजही कडक आहेत, गेज आजही तिथे 118-120 दाखवतो. गेलंय ते फक्त जिथे मशीन फिरलं तिथेच, आणि सगळ्यात आधी गेलं ते ज्या रेषेवर काळं पाणी आलं तिथेच. यापुढे कुणाला काय पुरावा हवा?

आता तुमचं. आधी घासायचं की नाही हा विचार सोडा, पेंट कंपनीचाच आहे का ते बघा. गेज कुठल्याही बऱ्या डेंटर-पेंटरकडे किंवा सेकंड हँड गाड्या तपासणाऱ्याकडे मिळेल. सगळी पॅनल मोजायची, प्रत्येकावर चार-पाच ठिकाणी. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे साधा गेज चालत नाही, आणि बंपर वेगळा रंगवलेला असतो त्यामुळे त्याचा दाणा दरवाजापेक्षा निराळा दिसला तर घाबरू नका. सगळे पत्रे 90 ते 140 च्या मधे असतील तर फॅक्टरी पेंट, विषय संपला. पण एकच दरवाजा 200 च्या वर गेला तर तो पॅनल ट्रकमधनं उतरवताना किंवा यार्डात घासलाय आणि गुपचूप रीपेंट केलाय. अशा वेळी रबराच्या बीडिंगवर पेंटचा बारीक फवारा लागलेला सापडतो, दार उघडलं की आतल्या बाजूला टेपची कड बोटाला लागते. ते सापडलं तर पॉलिशबिलिश काही करू न देता फोटो आणि रीडिंग जोडून डीलरला आणि कंपनीला ईमेल टाका, तोंडी बोलू नका. खरं तर हे रजिस्ट्रेशनच्या आधी बघायचं असतं, नंबर पडला की डीलर तुम्हाला ओळख दाखवत नाही.

सिरॅमिक किंवा टेफ्लॉननं दाणा भरून निघेल असं कोणी सांगितलं तर तिथून उठा. सिरॅमिकचा थर फार तर मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा, तो काय खड्डे भरणार, उलट चमक वाढली की दाणा अजून डोळ्यात येतो. नुसत्या रबिंगनं पण दाणा जात नाही, पॅड लाटांवरून वर-खाली होत जातो, फक्त स्क्रॅच निघतात. दाणा काढायला पेपरच लागतो, म्हणूनच मी नको म्हणतोय.

तरी मन मानत नसेल तर एकच दरवाजा द्या. आधीचं रीडिंग कागदावर लिहून घ्या, कडा-घड्यांना टेप लावून घ्या, मशीनच्या डिस्कखाली नरम फोमचं पॅड असलं पाहिजे, सुरुवात 2000 नंबरपेक्षा खरखरीत पेपरनं नको, मग 3000, 5000, मग लोकरीच्या पॅडवर कंपाउंड आणि शेवटी फोम. सपाट करायचंच नाही, नुसती टोकं मारायची, 7-8 मायक्रॉनच्या पलीकडे गेलं की थांबवायचं. आणि तुम्ही स्वतः तिथे उभे राहून खाली गळणाऱ्या पाण्याचा रंग बघत राहा. स्टुडिओवाल्याकडे गेज नसेल तर गाडी परत घेऊन या, कितीही मोठं दुकान असो. गेज पण एकूण जाडी सांगतो, त्यातला क्लिअर किती हे तो सांगत नाही, म्हणून जपूनच.

दोन गोष्टी राहिल्या. रीपेंट केलेल्या पॅनलला वरचं सगळं लागू नाही, तिथे आम्ही क्लिअरचे दोन-तीन हात जाड मारतो आणि घिसाई करून आजूबाजूच्या पॅनलशी दाणा जुळवतो, ते रोजचं काम आहे. पण आमचा क्लिअर हार्डनर घालून 60 डिग्रीला सुकवलेला असतो, कारण गाडीत वायरिंग, रबर, प्लास्टिक सगळं बसलेलं असतं, 140 ची भट्टी तिला देताच येत नाही. म्हणून नव्या गाडीचं पॅनल विनाकारण रीपेंट करा असं मी पेंटर असूनही कधी सांगत नाही. आणि गाडी साधी पांढरी, बिनमेटॅलिक असेल तर आधी एका कोपऱ्यात पांढऱ्या फडक्याऐवजी काळ्या फडक्यावर कंपाउंड लावून घासून बघा, फडक्यावर पांढरा रंग उतरला तर तिच्यावर क्लिअर नाहीच, मग वरचे मायक्रॉनचे आकडे तिला लावू नका.