विमानाच्या खिडकीवरचे ओरखडे : वाचकांचे प्रश्न

सोलापूरच्या होटगी रोडच्या विमानतळावरून 2025 मध्ये गोव्याची प्रवासी सेवा सुरू झाली, तेव्हापासून खिडक्यांबद्दलची पत्रे वाढली आहेत. बहुतेकांचा घोळ एकच: खिडकी काचेची समजून ते घरच्या काचेचे उपाय विचारतात. केबिनच्या आणि लहान विमानांच्या खिडक्या बहुधा अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे एका पारदर्शक प्लास्टिकच्या असतात. अ‍ॅक्रिलिक काचेपेक्षा हलके असते, पण बरेच मऊही.

प्रश्न : गोव्याला जाताना माझ्या खिडकीवर आतून ओरखडे दिसले. काळजीचे कारण आहे का?

उत्तर : नाही. हाताला लागतो तो आतला थर केबिनच्या हवेचा दाब पेलत नाही. बाहेरच्या थराला तडा दिसला, तर मात्र लगेच केबिन कर्मचाऱ्यांना सांगा.

प्रश्न : मोठ्या विमानाच्या खिडकीत तळाशी बारीक भोक असते, ते बुजवत का नाहीत?

उत्तर : ते मुद्दाम ठेवलेले असते, त्यामुळे दाब बाहेरच्या थरावर येतो आणि खिडकीवर वाफ धरत नाही.

प्रश्न : मी सोलापूरचा, बारामतीला वैमानिकाचे प्रशिक्षण घेतो. एक सीनियर विंडशील्डला घरातला ग्लास क्लीनर वापरतो. तेलाचे डाग थिनरने पटकन निघतात, असेही सांगतो. चालेल का?

उत्तर : अजिबात नाही, आणि हे उत्तर त्यांनाही वाचायला द्या. अमोनियाचा ग्लास क्लीनर, थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल, बेंझीन यांतले काहीही अ‍ॅक्रिलिकला लावू नये. पुसल्या पुसल्या विंडशील्ड लखलखीत दिसते, म्हणून माणूस फसतो. हे द्रव आत मुरतात आणि जिथे आधीच ताण आहे, म्हणजे चौकटीच्या कडेला, स्क्रूभोवती, तिथे केसाहून बारीक भेगांचे जाळे उठते. यालाच क्रेझिंग म्हणतात. ते कधी लगेच दिसते, कधी बऱ्याच दिवसांनी, त्यामुळे थिनरच्या बोळ्यावर कोणाचा संशयच जात नाही. मावळत्या सूर्यासमोर उतरताना हे जाळे उजळते आणि धावपट्टी नेमकी हवी तेव्हा दिसत नाही. शिवाय ताकद घटते ती वेगळीच. ओरखडा वरच्यावर असेल तर घासून काढता येतो. क्रेझिंग खोल गेले की बहुधा विंडशील्डच बदलावे लागते. हँगरमध्ये शेजारी रंगकाम चालले असेल, तर त्याच्या वाफेपासूनही जपा. झाकायचे कशाने, हेही इंजिनिअरला विचारूनच ठरवा.

धुण्याची रीत साधी आहे. विमान सावलीत घ्या. सोलापूरच्या उन्हात तापलेल्या पृष्ठभागावर साबण वाळून बसतो. अंगठी आणि घड्याळ काढा. भरपूर स्वच्छ पाणी वाहू द्या, धूळ आणि किडे भिजू द्या. मग सौम्य साबणाच्या पाण्याने उघड्या तळव्याने हलके चोळा. अडकलेला खडा तळव्याला लगेच कळतो, फडक्याला कळत नाही. कोरडे तर कधीच घासू नका: ओरखडे पडतात, आणि घर्षणाने तयार झालेली स्थिर वीज आणखी धूळ ओढून घेते. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके राहतात, म्हणून शेवटचे पाणी तरी क्षार नसलेले घ्या. तेलाच्या डागासाठी विमानाच्या देखभालीच्या मॅन्युअलमध्ये मान्य असलेलाच पदार्थ वापरा, तोही परवानाधारक मेंटेनन्स इंजिनिअरला विचारून.

प्रश्न : सोलापुरी टॉवेल सुती आणि मऊ असतो. त्याने पुसावे का?

उत्तर : नको, त्याच्या उभ्या धाग्यांत मातीचे कण अडकून बसतात. धुऊन मऊ झालेले साधे सुती फडके घ्या आणि ते दुसऱ्या कामाला वापरू नका.

प्रश्न : आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवण्यासाठी एक जुने विमान ठेवले आहे. कॅनोपीवरचे, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणावरचे ओरखडे टूथपेस्टने जातात, असे ऐकले. दुकानदार ‘एका फवाऱ्यात ओरखडे गायब’ असा स्प्रे देतो. काय घ्यावे?

उत्तर : दोन्ही नको. टूथपेस्टमधले कण किती भरड आहेत, हे तुम्हाला ठाऊक नसते. असले स्प्रे बहुधा ओरखड्यात मेण किंवा तेल भरतात. धुतले की ओरखडा पुन्हा हजर. उडत्या विमानावर ही लपवाछपवी धोक्याची आहे, कारण तपासणाऱ्याला ओरखड्याची खरी खोली कळत नाही.

ओरखडा नखाला अडकत नसेल, तर मायक्रो-मेशसारख्या मऊ पाठीच्या घासकापडाचा संच घ्या. भरड 1500 पासून बारीक 12000 पर्यंत क्रमाने जा. पाणी सतत हवे. प्रत्येक टप्प्यावर दिशा काटकोनात बदला. आधीच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचे कापड घेऊ नका. एकाच जागी घासत बसलात तर तिथे खळगा पडून पलीकडचे वाकडे दिसते, म्हणून आजूबाजूचा भागही घ्या. मशीनचा बफ (पॉलिशचे फिरते चाक) टाळा, उष्णतेने अ‍ॅक्रिलिक मऊ पडते. तुमचे विमान उडणार नाही, तेव्हा विद्यार्थ्यांनी जरूर शिकावे, पण आधी टाकाऊ तुकड्यावर आणि जाणकार समोर असताना. उडत्या विमानात किती जाडी घासून काढता येते, हे मॅन्युअल ठरवते. केबिनमध्ये दाब असेल, तर तिथे तुमच्या-माझ्या अंदाजाला जागाच नाही.

प्रश्न : हेल्मेटच्या व्हायझरवरही हेच करता येईल का?

उत्तर : नाही. व्हायझर बहुधा पॉलिकार्बोनेट या वेगळ्या प्लास्टिकचा असतो आणि घासल्यावर त्याचे कडक कोटिंग निघते, नवा बसवा.

प्रश्न : लहान विमानाच्या खिडकीला स्क्रूजवळ बारीक चीर आहे. टोकाला भोक पाडले की ती थांबते, असे म्हणतात. पुढच्या तपासणीपर्यंत चालेल ना?

उत्तर : चालणार नाही. चीर हा पॉलिशचा विषयच नाही, आणि ऐकीव माहितीवर ड्रिल मुळीच लावू नका. इंजिनिअरने पाहून नोंद करेपर्यंत विमान जमिनीवरच ठेवा. त्यांना आजच बोलवा.