माटुंग्यात शाकाहारी जेवण कुठे आणि कसे शोधावे?

प्रश्न : माझी बदली मुंबईला झाली असून पुढच्या महिन्यात आम्ही माटुंगा पूर्व येथे राहायला येत आहोत. घरात पत्नी, शाळेत जाणारी दोन मुले आणि वयोवृद्ध आई आहे. आई माळकरी आहे; ज्या स्वयंपाकघरात अंडे शिजते तिथले ती पाणीसुद्धा घेत नाही. घर लागेपर्यंत पहिले काही आठवडे बरेचदा बाहेर जेवावे लागेल. इंटरनेटवर शोधले तर असंख्य नावे येतात आणि प्रत्येकापुढे चार-साडेचार तारे दिसतात. त्यांतून चांगले शाकाहारी उपाहारगृह नेमके कसे निवडावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण ज्या वस्तीत येत आहात तिच्याइतकी शाकाहारी माणसाची सोय मुंबईच्या फार थोड्या भागांत आहे, त्यामुळे उपाशी राहण्याची चिंता मनातून काढून टाकावी. १८९६ च्या प्लेगनंतर शहराच्या सुधारणेसाठी १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट या संस्थेने दादर-माटुंग्याचा हा भाग आखून वसवला. पुढच्या काही दशकांत नोकरीधंद्यासाठी मुंबईत आलेली तमिळ, मल्याळी आणि कन्नड कुटुंबे इथे स्थिरावली, आणि त्यांच्या पाठोपाठ दक्षिण कानड्यातून, म्हणजे कर्नाटकातल्या उडुपी-मंगळूरकडून, आलेल्या मंडळींनी नाश्त्याची व जेवणाची घरे काढली. त्यांतली काही आज ऐंशी वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. गुजराती आणि कच्छी जैन कुटुंबांचीही वस्ती मोठी असल्यामुळे शाकाहाराबाबत इथला ग्राहक काटेकोर आहे, आणि दुकानदाराला त्याची जाणीव आहे.

आईंचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात तडजोड होऊ शकत नाही. पदार्थापुढचे हिरवे चिन्ह आणि स्वयंपाकघर शाकाहारी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरपोच जेवण देणाऱ्या अॅपवर किंवा मेनूकार्डावर हिरवा ठिपका असतो तो त्या एका पदार्थापुरता. त्याच भट्टीवर शेजारी आम्लेट होत असू शकते. आपल्याकडच्या अन्नकायद्यात दूध आणि दुधाचे पदार्थ शाकाहारी धरले जातात, तर अंडे मांसाहारात मोडते. म्हणून ‘इथे व्हेज मिळते का?’ असे न विचारता ‘इथे अंडे शिजते का?’ असे सरळ विचारावे. उत्तर ताबडतोब आणि स्पष्ट येते. मिश्र उपाहारगृहात नानच्या पिठात अंडे घालण्याची पद्धत काही ठिकाणी असते, आणि केक किंवा पुडिंगच्या बाबतीत तर हा प्रश्न सर्वत्र विचारलाच पाहिजे. अन्नपरवाना दर्शनी भागात लावलेला असणे बंधनकारक आहे आणि २०२२ पासून त्याचा चौदा आकडी क्रमांक बिलावरही छापावा लागतो. या क्रमांकावरून चव कळत नाही हे खरे, पण जो मालक एवढेही पाळत नाही त्याच्याकडे आईंना नेऊ नये असे मला वाटते.

आता चांगले कसे ओळखावे याकडे येतो. तारे मोजू नयेत, कारण तारे देणाऱ्यांत रोज जेवणारा माणूस क्वचित असतो. बहुतेक जण एकदा येतात, सर्वांत चमचमीत पदार्थ मागवतात आणि त्यावर मत देतात. आपल्याला मात्र आठवडाभर पोटाला सोसेल असे अन्न हवे आहे, तेव्हा सर्वांत साधा पदार्थ मागवून पाहावा. दक्षिणी उपाहारगृहात तो पदार्थ म्हणजे इडली आणि चटणी. इडलीत तेल-मसाला नसल्यामुळे काही लपवता येत नाही: पीठ शिळे असेल तर आंबटपणा जिभेला लगेच जाणवतो, आंबवण कमी पडले असेल तर इडली दडस लागते. खोबऱ्याची चटणी फार वेळ टिकत नाही, म्हणून दुपारी चारला ताजी चटणी समोर आली तर ती दिवसात पुन्हा वाटली जाते असे समजावे. सांबार डाळीने दाट झाले आहे की पिठाने, हे दुसऱ्या घासाला कळते. मेदूवडा कागदावर दाबून पाहावा आणि तेलाचा वास घ्यावा. परतपरत तापवलेल्या तेलाचा वास कढीपत्त्याच्या फोडणीनेही झाकला जात नाही.

दुसरी खूण म्हणजे फळ्यावर लिहिलेला दिवसाचा पदार्थ. जिथे सोमवारची भाजी मंगळवारी बदलते तिथे सकाळी बाजारातून माल येतो. याउलट ज्या मेनूकार्डात डोशापासून पिझ्झ्यापर्यंत आणि पंजाबीपासून चायनीजपर्यंत सर्व काही आहे, तिथे बऱ्याच गोष्टी आधी करून ठेवलेल्या असणार हे उघड आहे. मुले हट्ट धरतील तेव्हा तिथेही जावे, पण रोजच्यासाठी ती जागा नव्हे.

आणि तिसरी, माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण म्हणजे आजूबाजूला राहणारे म्हातारे लोक. वीस-तीस वर्षे एकाच टेबलावर सकाळची कॉफी घेणारी वयस्कर मंडळी ज्या उपाहारगृहात दिसतील, तिथले तेल, मीठ आणि तिखट जपून वापरलेले असते. तसे नसते तर त्यांनी केव्हाच जागा बदलली असती.

एवढे सांगितल्यावर आपण नावे विचाराल, आणि ती सांगायला मला संकोच नाही. मात्र माटुंग्यात एकच सर्वोत्तम उपाहारगृह शोधू नये. इथे प्रत्येक घराची आपली वेळ आहे आणि ती वेळ साधली तरच त्याचे चांगलेपण कळते. माटुंगा स्टेशनजवळचे राम आश्रय १९३९ पासूनचे आहे आणि ते भल्या पहाटे उघडते. गर्दी वाढण्यापूर्वी, शक्य तर सातच्या आत जावे. उपमा आणि इडली घ्यावी, आणि दिवसागणिक बदलणारा शिरा त्या दिवशी कोणता आहे ते विचारावे. अननसाचा असेल तर मुलांसाठी तो नक्की मागवावा. अनोळखी माणसांसोबत एका टेबलावर बसण्याची तयारी ठेवावी लागते आणि खाणे झाल्यावर रेंगाळता येत नाही, पण पदार्थ ताजा असण्याचे कारणही हीच घाई आहे.

किंग्ज सर्कलला, म्हणजे आताच्या महेश्वरी उद्यानापाशी, १९४० पासून कॅफे मद्रास आहे. नावात मद्रास असले तरी चालवणारे कामत कुटुंब मूळचे उडुपीकडचे, त्यामुळे रसम-वडा, नाचणीचा डोसा, नीर डोसा अशा दोन्हीकडच्या गोष्टी तिथे मिळतात. रविवारी सकाळी बाहेर ताटकळावे लागते. आईंना घेऊन जायचे तर आठवड्यातला मधला दिवस निवडावा. नीर डोसा तांदळाचा, मऊ आणि बेताच्या तेलाचा असतो, तो त्यांना मानवेल.

दुपारच्या पूर्ण जेवणासाठी मी आपल्याला ए. रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये जायला सांगेन. १९४२ मध्ये सुरू झालेली ही खाणावळ स्टेशनसमोरच्या लाल बहादूर शास्त्री मार्केटच्या इमारतीत आहे. आधी कूपन घ्यायचे, नंबर आला की आत जायचे, केळीच्या पानावर किंवा ताटात जेवायचे. कोशिंबीर, दोन भाज्या, सांबार, रसम, भात, ताक असे ते जेवण असते. महाराष्ट्रीय माणसाला पंगतीतला वाढपी जसा ‘अजून थोडे’ म्हणतो तसा आग्रह इथे होतो, आणि बाहेरच्या जेवणात ही गोष्ट आता दुर्मीळ झाली आहे म्हणून तिचे मोल मला फार वाटते. एक अडचण मात्र लक्षात ठेवावी: जागा पहिल्या मजल्यावर आहे. आईंचे गुडघे दुखत असतील तर आपण आधी एकटे जाऊन जिना पाहून यावे. कॅफे मद्रास आणि ही खाणावळ दोन्ही सोमवारी बंद असतात, तेव्हा सोमवारची सोय आधीच ठरवावी.

पत्ता विचारताना एक काळजी घ्यावी. माटुंगा हे स्टेशन मध्य रेल्वेवर आहे, माटुंगा रोड पश्चिम रेल्वेवर आणि किंग्ज सर्कल हार्बर मार्गावर. नुसते ‘माटुंगा’ म्हटले तर नवखा माणूस रुळांच्या भलत्याच बाजूला उतरतो.

प्रश्न : आमच्या घरी कांदा-लसूण चालत नाही. उडुपी उपाहारगृहात कांदा-लसूण नसतेच असे नातेवाईक सांगतात. हे खरे आहे का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : उडुपीच्या कृष्णमठाच्या परंपरेतला स्वयंपाक कांदा-लसणाविना होतो, आणि नातेवाइकांचा समज तिथून आला असावा. पण पाटीवर उडुपी लिहिलेल्या प्रत्येक उपाहारगृहात ती परंपरा पाळली जातेच असे नाही. सांबारात छोटे कांदे घालण्याची दक्षिणेत जुनी पद्धत आहे, मसाला डोशाच्या भाजीत कांदा असतो आणि उपम्यातही तो परतलेला असतो. माटुंग्यात ‘जैन’ एवढा एक शब्द सांगितला तर काम होते: डोशात बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची भाजी येते. सांबाराचे मात्र वेगळे विचारावे, कारण ते सकाळी एकाच मोठ्या पातेल्यात झालेले असते आणि मागाहून बदलता येत नाही. जैन सांबार नसेल तर डोसा चटणीबरोबर खावा.

प्रश्न : एकादशीला बाहेर असताना उपवासाचे कुठे खावे? दक्षिणी उपाहारगृहांत साबुदाण्याचे पदार्थ मिळतात का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : काही ठिकाणी मिळतात, पण त्यासाठी माटुंग्यात शोधत बसण्यापेक्षा दादर पश्चिमेला यावे हे बरे. शिवाजी पार्कच्या बाजूला असलेल्या ‘प्रकाश’ या उपाहारगृहातला साबुदाणा वडा आणि पीयूष अनेक पिढ्यांना ठाऊक आहेत, आणि दादरची मराठी उपाहारगृहे उपवास म्हणजे काय हे समजावून न सांगता ओळखतात. तरीही जिथे जाल तिथे तळणीचे तेल वेगळे आहे का हे जरूर विचारावे. बटाटावडा आणि साबुदाणा वडा एकाच कढईत तळले जात असतील तर बेसनाचे कण त्यात येतात. ज्यांचा उपवास कडक आहे त्यांनी अशा ठिकाणी वड्याऐवजी खिचडी घ्यावी. खिचडीत शेंगदाण्याचे कूट, जिरे आणि मिरची एवढेच आहे ना, हळद-मोहरी नाही ना, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

प्रश्न : माझ्या मुलीला दुधाची अॅलर्जी आहे. शाकाहारी उपाहारगृहात तिला काय द्यावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : शाकाहारी स्वयंपाकात दूध, तूप आणि लोणी इतके सहज येते की तिच्यासाठी हीच जागा जास्त सांभाळण्याची आहे. वाफवलेली इडली तिला बहुधा चालेल, पण खोबऱ्याच्या चटणीत काही ठिकाणी दही घालतात आणि रसमला तुपाची फोडणी देतात, म्हणून दोन्ही विचारून द्यावे. डोसा तेलावर मागितला तरी त्याच तव्यावर आधीचा डोसा लोण्यावर झालेला असतो. अॅलर्जी तीव्र असेल तर डोसा टाळावा. वेटरला ‘दूध आवडत नाही’ किंवा ‘दूध नको’ असे सांगू नये, कारण त्यावर वरून सोडलेले तूप तेवढे कमी होते. ‘दुधाचा अंश पोटात गेला तरी मुलगी आजारी पडते’ असे गल्ल्यावर बसलेल्या माणसाला सांगावे आणि त्याने आत विचारून येईपर्यंत थांबावे. तिचे औषध बरोबर असल्याशिवाय बाहेर जेवायला निघू नये.