चक्कर, भोवळ, गरगरणं : आणि अंतराळात यातलं नेमकं काय?

इंदूरहून आलेली विचारणा थोडक्यात अशी : “आमच्याकडे ‘चक्कर येतायत’, ‘डोकं फिरतंय’ असं सर्रास म्हणतात, पुण्याच्या नातेवाइकांना ते खटकतं. चक्कर, भोवळ, घेरी हे एकच का? आणि अंतराळवीरांना जे होतं त्याला यातला कुठला शब्द लावायचा?”

आधी इंदुरी भाग. प्रमाण मराठीत ‘चक्कर’ स्त्रीलिंगी आणि एकवचनी : चक्कर आली, चक्कर येते. हिंदीत तो पुल्लिंगी, आणि ‘चक्कर आ रहे हैं’ असा अनेकवचनातही चालतो. इंदूरच्या मराठीत तेच वळण उतरलं आहे. घरात बोलायला त्यात काही बिघडत नाही. ‘डोकं फिरतंय’ची गोष्ट मात्र वेगळी. ‘सिर घूम रहा है’चं ते सरळ रूप आहे, पण पुण्या-नागपुराकडे डोकं फिरणं म्हणजे संताप येणं किंवा वेड लागणं. तिथे ‘डोकं गरगरतंय’ म्हणावं. अर्थ अचूक पोचतो.

आता चक्कर, भोवळ, घेरी. तिन्हींच्या मुळाशी गोल फिरणंच आहे. चक्कर चक्रावरून, घेरी घेरावरून, आणि भोवळ, भोवरा, भोवंडणं ही सगळी ‘भ्रम्’ धातूची पिलावळ. पण वापरात वाटा फुटल्या. ‘भोवळ येऊन पडला’ किंवा ‘घेरी आली’ म्हटलं की शुद्ध हरपणं किंवा हरपत आल्यासारखं होणं डोळ्यांसमोर येतं. ‘झीट’ त्याच्याच शेजारची. ‘तिरीमिरी’ क्षणभराची. उठताना ‘डोळ्यांपुढे अंधारी’ येते ती मेंदूकडे जाणारा रक्ताचा दाब घटल्यामुळे. तिचा कानाशी संबंध नाही. आजूबाजूचं सगळं फिरतंय असं वाटणं, म्हणजे कानाच्या आतल्या यंत्रणेचं काम, हे नेमकं सांगणारं क्रियापद आज एकच उरलं आहे : गरगरणं. ‘चक्कर’ या दोन्हींना झाकून टाकते, म्हणूनच ती सोयीची आणि म्हणूनच ती अपुरी. डॉक्टरांकडे गेल्यावर नुसतं ‘चक्कर’ न म्हणता घर फिरतं की अंधारी येते, हे वेगळं सांगावं. निदानाची दिशा तिथेच ठरते.

अंतराळाचा प्रश्न सोडवायला कानात थोडं शिरावं लागेल. प्रत्येक अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, साधारण एकमेकींशी काटकोनात. त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की नलिका वळते, द्रव जडत्वामुळे मागे राहतो आणि वाटेतला मऊ पडदा वाकतो. फुगडीत काही वेळ एकाच वेगाने फिरलं की द्रवही तेवढ्याच वेगाने फिरू लागतो, पडदा सरळ होतो. फुगडी थांबली की भिंत थांबते, द्रव पुढे धावतो, पडदा उलट्या बाजूला वाकतो, आणि आपण विरुद्ध दिशेला फिरत असल्यासारखं दहा-वीस सेकंद वाटत राहतं. हे झालं गरगरणं. त्याला गुरुत्वाकर्षण लागत नाही, जडत्व पुरतं.

नलिकांच्या बुडाशी दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांत चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे बसलेले असतात. डोकं झुकलं की खडे वजनाने त्या बाजूला सरकतात, खालचे रोम वाकतात. मात्र झुकणं आणि वेग वाढवत सरळ पुढे जाणं यांतला फरक या खड्यांना एकट्याने कळत नाही. तो मेंदू नलिका आणि डोळे यांच्या मदतीने लावतो. (हेच खडे सुटून नलिकेत शिरले, तर पलंगावर कूस बदलताच मिनिटभराच्या आत ओसरणारं गरगरणं येतं. डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते परत जागी आणतात.)

कक्षेत गेल्यावर नलिका चालू राहतात, पण खड्यांना वजनच उरत नाही. डोकं झुकवा, नलिका ‘वळलो’ सांगतात, खडे गप्प. डोळे तिसरंच सांगतात. या विसंवादाने सुमारे दोन-तृतीयांश अंतराळवीरांना पहिले दोन-तीन दिवस मळमळतं, काहींना उलट्या होतात. डोकं हलवलं की वाढतं. ऑगस्ट १९६१ मध्ये व्होस्तोक-२ या यानातून गेलेल्या सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव्हला हा त्रास सर्वांत आधी झाला. वजन जाताच आपण उलटे झालो आहोत असंही त्याला वाटलं होतं. उलट, १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर रुळलेल्या अंतराळवीरांना फिरत्या खुर्चीत बसवून डोकं हलवायला लावलं, तेव्हा जमिनीवर मळमळवणाऱ्या त्याच प्रयोगाने त्यांना जवळजवळ काहीच झालं नाही.

तेव्हा तिथे ‘भोवळ’ चुकीची, आणि ‘तोल गेला’ही चुकीचं. तोल हा तोलण्यातला, वजनाचा शब्द; पडायला खाली काही असावं लागतं. तिथे जातं ते वर-खालचं भान. समोरचा सहकारी उलटा तरंगताना दिसला की क्षणात छताची जमीन होते. ‘दिशाभूल’ आता फसवणुकीकडे झुकला आहे, ‘चकवा’ वाटेवरचा. लेखात मी ‘दिग्भ्रम’ लिहीन, बोलताना ‘वर-खाली कळेनासं होणं’.

परतल्यावर मात्र जुने शब्द पुन्हा लागू होतात. खड्यांचा निरोप मेंदू नव्याने वाचायला शिकेपर्यंत डोकं जरा झुकवलं तरी खूप झुकल्यासारखं वाटतं, कोपऱ्यावर वळताना तोल जातो. शरीरातलं रक्तद्रव्य घटलेलं असल्याने उभं राहताच अंधारी किंवा घेरी येऊ शकते. म्हणून उतरण्याआधी मिठाच्या गोळ्या आणि सुमारे लिटरभर पाणी घेतात, पायांना घट्ट वस्त्रं चढवतात.

जाता जाता, ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ टाळावं. चारशे किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या जवळजवळ ८९ टक्के असतं. यान आणि माणूस दोघंही सतत पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही. ‘वजनरहित अवस्था’ बरोबर. चंद्रावर, जिथे ओढ एक-षष्ठांश आहे, तिथे तोही शब्द चालणार नाही, ‘अल्प गुरुत्व’ म्हणावं.