‘पर्यंत’ एकच, मग ‘बाय’ की ‘टिल’?

प्रश्न असा आहे : ‘आय विल सबमिट द रिपोर्ट टिल फ्रायडे’ या वाक्यातलं ‘टिल’ खोडून साहेबांनी ‘बाय’ केलं. दोन्हींचा अर्थ ‘पर्यंत’च, मग चुकलं काय?

साहेबांची दुरुस्ती बरोबर आहे. ‘शुक्रवारपर्यंत मी पुण्यात आहे’ म्हटलं की मधले सगळे दिवस पुण्यात. ‘शुक्रवारपर्यंत अहवाल देतो’ म्हटलं की त्याआधी केव्हातरी एकदाच. हा फरक मराठीत क्रियापद सांभाळतं, त्यामुळे ‘पर्यंत’वर दोन्ही कामं बिनबोभाट निभतात. इंग्रजीने ती दोन शब्दांत वाटली आहेत. राहणं, थांबणं, झोपणं असं जे सलग चालू असतं त्याला ‘टिल’. देणं, पोहोचणं, संपवणं असं जे एकदा घडून जातं त्याला ‘बाय’. हिंदीतला ‘तक’ आणि जर्मनमधला ‘बिस’ही दोन्हीकडे चालतात, म्हणून त्या भाषकांचीही नेमकी इथेच गफलत होते.

खरी गंमत नकारात आहे. ‘आय वोन्ट फिनिश बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार उलटेल तरी काम झालेलं नसेल. ‘आय वोन्ट फिनिश टिल फ्रायडे’ म्हणजे काम शुक्रवारी होईल, त्याआधी नाही. संपवणं एकदाच घडतं, पण न संपणं मात्र सलग चालू राहतं, म्हणून नकार आला की ‘फिनिश’लाही ‘टिल’ चालतं. ‘शुक्रवारपर्यंत होणार नाही’ या मराठी वाक्यातून दोन्ही अर्थ निघू शकतात. पण दुसऱ्या अर्थासाठी आपल्याकडे फार नेमका शब्द आहे : ‘शुक्रवारशिवाय होणार नाही’. ‘बँक दहाशिवाय उघडत नाही’ हे आपण रोज बोलतो, आणि ‘द बँक डझन्ट ओपन टिल टेन’ म्हणजे तेच. नकारी वाक्यात ‘शिवाय’ बसत असेल तर बेलाशक ‘टिल’ लिहावं. मला ही खूण व्याकरणातल्या नियमापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

‘तो येईपर्यंत’ म्हणायचं असेल तरी हीच वाटणी. ‘तो येईपर्यंत मी थांबेन’ इथे ‘टिल ही कम्स’. ‘तो येईपर्यंत माझं जेवण झालेलं असेल’ इथे ‘बाय द टाइम ही कम्स’. दोन्हीकडे ‘विल कम’ नको.

‘टिल’ हे ‘अनटिल’चं आखूड रूप आहे, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ‘टिल’च जुना आहे. अर्थ दोन्हींचा एक. पत्रव्यवहारात ‘अनटिल’ जरा जास्त शोभतो, इतकंच.

जागेसाठी मात्र दोन्ही नकोत. ‘स्टेशनपर्यंत चालत गेलो’ याचं ‘टिल द स्टेशन’ भारतात कानावर पडतं, पण प्रमाण इंग्रजीत ‘अ‍ॅज फार अ‍ॅज द स्टेशन’ किंवा साधं ‘टू द स्टेशन’. शंभरपर्यंत मोजायचं तर ‘अप टू’ किंवा ‘टू’.

आता तुमच्या वाक्याकडे. ‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार सहसा धरलेला असतो, पण काहीजण गुरुवारीच वाट पाहू लागतात. मुदत महत्त्वाची असेल तर ‘बाय फाइव्ह पीएम ऑन फ्रायडे’ असं लिहा. आणि सोमवार ते शुक्रवार, दोन्ही दिवस धरून, असं सांगायचं असेल तर अमेरिकी इंग्रजीत ‘मंडे थ्रू फ्रायडे’ म्हणतात. तिथे शंकेला जागाच उरत नाही.