सगळ्या शाखांच्या मुलांचं लेखन सुधारण्यासाठी विद्यापीठाने सक्तीचा लेखनकौशल्याचा पेपर ठेवावा का?

पेपर हवा तर ठेवा, पण भिस्त त्यावर ठेवू नका. नव्या शैक्षणिक धोरणात एईसीचे, म्हणजे भाषा आणि संवादकौशल्याच्या सक्तीच्या अभ्यासक्रमांचे, क्रेडिट आहेतच. ते भाषा विभागाकडे गेले की बाकीचे विभाग हात झटकून मोकळे होतात, आणि खरं नुकसान तिथेच होतं.

मी रसायनशास्त्र शिकवते. आमची मुलं तीन वर्षांत जर्नलची, म्हणजे प्रयोगवहीची, ढीगभर पानं भरतात. ॲपरेटस, प्रोसिजर, रिझल्ट, सगळं सिनियरच्या जर्नलमधून उतरवलेलं. मीही वर्षानुवर्षं त्यावर सह्या केल्या. मग एकदा ठरवलं, की जर्नलच्या डाव्या कोऱ्या पानावर प्रयोग संपताच पाच ओळी लिहायच्या: आज तुझ्या हातून काय घडलं? भाषा कुठलीही, गुण नाहीत.

टायट्रेशनमध्ये ब्युरेट या उभ्या मापनळीतून फ्लास्कमध्ये थेंबथेंब द्रावण सोडून ते किती लागलं हे मोजतात. एका मुलीची रीडिंग 10.6, 10.1, 10.1 अशी आली होती. एरवी मुलं पहिलं रीडिंग खोडतात, तिथेही 10.1 लिहितात आणि सी.बी.आर. (ब्युरेटचं पुन्हापुन्हा सारखंच येणारं रीडिंग) जुळला म्हणून खूश होतात. हिने लिहिलं, ‘पहिल्यांदा जास्त का आलं? ब्युरेटच्या नोझलमध्ये हवा होती वाटतं. ती निघून गेली, तेवढी जागा द्रावणाने भरली, पण फ्लास्कमध्ये ते पडलंच नाही.’ मी विचारल्यावर तिला हे सांगता आलं नव्हतं. लिहिता लिहिता तिचं तिला उमगलं. लेखन प्रत्येक विषयात का हवं, याचं याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

हा विचार जुना आहे. इंग्लंडमध्ये जेम्स ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी शाळांतल्या सगळ्या विषयांचं लेखन गोळा करून तपासलं. 1975 साली त्यांनी मांडलं, की मुलं बहुतेक सगळं शिक्षकासाठी, त्यातही बरंचसं परीक्षक म्हणून वाचणाऱ्या शिक्षकासाठी लिहितात, स्वतःला समजावं म्हणून फारच थोडं. अमेरिकेत मिशिगन टेक या अभियांत्रिकीच्या विद्यापीठात टोबी फुलवायलर आणि आर्ट यंग यांनी 1977 पासून इतर विभागांच्या प्राध्यापकांसाठी कार्यशाळा घेतल्या. तिथे प्राध्यापकांनाच लिहायला बसवलं जाई. आपल्याकडे नेमकं हेच गाळलं जातं. दिवसभर स्लाइड दाखवतात, चहा होतो, प्रमाणपत्रं वाटतात.

‘ऐंशी मुलांच्या वह्या कोण तपासणार?’ हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच बैठकीत ऐकू येईल, आणि तो रास्त आहे. मी आठवड्याला एकाच बॅचच्या वह्या घेते आणि खाली एक प्रश्न लिहिते, बस. शुद्धलेखन दुरुस्त करत नाही. रिचर्ड हॅसवेल या अमेरिकन प्राध्यापकांनी 1983 साली एक पद्धत सांगितली: ज्या ओळीत चूक आहे तिच्यासमोर समासात फक्त खूण करायची, चूक मुलानेच शोधायची. त्यांच्या वर्गातल्या मुलांनी अशा निम्म्याहून अधिक चुका स्वतः सुधारल्या. पक्क्या रिपोर्टसाठी मी हीच पद्धत वापरते.

एक आग्रह मात्र धरा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिला खर्डा मराठीत, हवं तर अर्धा इंग्रजी मिसळून लिहू द्या. इंग्रजीच्या धास्तीने ही मुलं पाठ केलेली वाक्यं उतरवतात आणि आपण म्हणतो यांना विचारच करता येत नाही.

वाणिज्यवाल्यांना ताळेबंद जुळवून थांबू देऊ नका. त्याच आकड्यांवरून या दुकानदाराला कर्ज द्यावं की नाही, हे बँकेच्या मॅनेजरला एका पानात लिहायला सांगा. इतिहास, भूगोलवाल्यांना असे प्रश्न आपसूक सुचतात.

सुरुवात करताना विद्वत्सभेच्या ठरावाची वाट पाहू नका. वेगवेगळ्या विभागांतले मनापासून तयार असलेले तीन शिक्षक गाठा. पहिला महिनाभर मुलं ‘आज प्रयोग छान झाला’ एवढंच लिहितील. तेव्हा ‘छान म्हणजे काय झालं?’ असं खाली लिहून वही परत द्या.