वाचकांचे प्रश्न : वसतिगृहातल्या कामाचा गौरव

प्रश्न : अमेरिकेत एमएस करताना मी आरए, म्हणजे रेसिडेंट असिस्टंट (वसतिगृहाचा एक मजला सांभाळणारा विद्यार्थी) आहे. शेजारच्या मजल्यावरच्या आरएचं नाव मी दोनदा 'ओटीएम'साठी पाठवलं. दोन्ही वेळा ते आमच्या कॅम्पसच्या पुढे गेलं नाही. लिहिण्यात काय चुकत असेल?

उत्तर : आधी इतर वाचकांसाठी. ओटीएम म्हणजे 'ऑफ द मंथ'. नॅशनल असोसिएशन ऑफ कॉलेज अँड युनिव्हर्सिटी रेसिडेन्स हॉल्स या विद्यार्थ्यांनी चालवलेल्या संघटनेचा हा दर महिन्याचा पुरस्कार. आरए, कार्यक्रम असे त्याचे वेगवेगळे गट असतात. निवड आधी कॅम्पसवर, मग प्रादेशिक विभागात, मग सर्वांत वरच्या पातळीवर. मजकुराची मर्यादा 600 शब्द.

विभागातला परीक्षक तुमच्या हॉलमध्ये कधी पाऊल ठेवत नाही. त्याच्यासमोर फक्त तुमचे 600 शब्द असतात. 'ती मनमिळाऊ आहे, सदैव हसतमुख असते' हे वाक्य त्याने त्याच बैठकीत वीस अर्जांत वाचलेलं असतं. त्यामुळे पहिल्या 80 शब्दांत एवढंच सांगा : हॉल कसा आहे, मजल्यावर किती मुलं, त्यातली पहिल्या वर्षाची किती, आणि आरएकडून नेमाने कोणतं काम अपेक्षित आहे. ही शेवटची बाब जवळपास सगळेच गाळतात. रात्रीची फेरी मारणं, दारांवर नावाच्या पाट्या लावणं, फलक सजवणं हे करारातच असतं. नेमाचं काम पराक्रम म्हणून मांडलं की अर्ज तिथेच बसतो.

मग 350 ते 400 शब्द एकाच प्रसंगाला द्या, फार तर दोन. समजा, मजल्यावरचं वॉशिंग मशीन बंद पडलं. 'तिने तत्परतेने प्रश्न सोडवला' असं लिहू नका. तक्रार कोणत्या दिवशी नोंदवली, दुरुस्तीला किती दिवस लागले, तोवर खालच्या मजल्याच्या आरएशी बोलून कपडे धुण्याच्या पाळ्या कशा लावल्या, किती जणांनी त्या वापरल्या, ते लिहा. आकडा तिच्या नोंदवहीतून घ्या, अंदाजाने टाकू नका. काम तिघींनी मिळून केलं असेल तर तिचा वाटा वेगळा दाखवा. नाहीतर परीक्षक म्हणतो, हा कार्यक्रमाच्या गटातला अर्ज इथे कसा आला?

महिन्याबाहेरचं काहीही नको. सप्टेंबरच्या अर्जात ऑगस्टचं प्रशिक्षण आलं, तर तेवढ्या ओळी वाया जातात. तुमच्या कॅम्पसपुरती असलेली इमारतींची लघुनावंही फोडून लिहा.

आणखी एक चूक गंभीर आहे. आरएचं खरं कसब मध्यरात्रीच्या अडचणीत दिसतं, म्हणून लिहिणाऱ्याला तोच प्रसंग खुणावतो. पण रहिवाशाची माहिती उघड करण्यावर 'फर्पा' या विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवण्याच्या 1974च्या अमेरिकी कायद्याची बंधनं आहेत. नुसतं नाव गाळून भागत नाही. चाळीस जणांच्या मजल्यावर तारीख आणि प्रसंग दिला की कोणाची गोष्ट ते कळतंच. शंका असेल तर हॉल डायरेक्टरला दाखवा, किंवा तो प्रसंग सोडून द्या.

प्रश्न : मी एका विद्यापीठात रेसिडेन्स डायरेक्टर, म्हणजे वसतिगृहाचा प्रमुख अधिकारी आहे. पुरस्कार नेहमी आमच्यासारख्यांनाच मिळतात. आमच्या इमारतीच्या सफाई कर्मचाऱ्यांचा गौरव कसा करावा?

उत्तर : तुमचं निरीक्षण बरोबर आहे. विद्यापीठांच्या वसतिगृह अधिकाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना अकूहो-आय, जिची पहिली परिषद 1949मध्ये इलिनॉय विद्यापीठात भरली, तिथले मोठे सन्मान बहुधा अधिकाऱ्यांकडेच जातात, कारण शिफारस करणारे अधिकारीच असतात. म्हणून त्याऐवजी तुमच्या भागातल्या प्रादेशिक संघटनेच्या पुरस्कारांची यादी पाहा. अर्ज करण्याआधी दोन गोष्टी तपासा : तुमची संस्था सदस्य आहे का, आणि शिफारसपत्रं किती लागतात. पत्रांपैकी एक त्यांच्याच मुकादमाचं असू द्या. आणि ज्यांचं नाव पाठवता त्यांना आधी विचारा. सगळ्यांनाच व्यासपीठ आवडतं असं नाही.

घरचा समारंभ ठेवाल तर वेळ सांभाळा. ज्यांची पाळी पहाटे सुरू होते, त्यांना रात्री आठचं जेवण म्हणजे शिक्षाच. कार्यक्रम त्यांच्या पाळीत, पगारी वेळेत घ्या. बक्षीस गिफ्ट कार्डचं असेल तर आधी पगार विभागाला कळवा. अमेरिकेत नोकरदाराला मालकाने दिलेलं गिफ्ट कार्ड, अगदी 25 डॉलरचं असलं तरी, रोख रकमेसारखंच करपात्र वेतन धरलं जातं. बेताच्या किमतीच्या स्मृतिचिन्हाला ही अडचण नाही.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाची मुलींची चार वसतिगृहं आहेत. यंदापासून 'उत्कृष्ट रेक्टर' पुरस्कार द्यायचा विचार आहे. सर्वांत कमी तक्रारी हा निकष ठेवावा का? - एक प्राचार्य, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : मुळीच नको. पुढच्या सत्रात तक्रारवही कोरी मिळेल, आणि तक्रारी मात्र होत्या तशाच राहतील. रॅगिंगच्या बाबतीत तर हे धोक्याचं आहे. यूजीसीच्या 2009च्या नियमांनुसार रॅगिंगची दखल घेणं संस्थेवर बंधनकारक आहे, आणि तुम्ही गप्प बसणाऱ्याला बक्षीस द्याल.

तक्रारी किती आल्या ते मोजण्याऐवजी प्रत्येकीचं पुढे काय झालं ते मोजा. नोंद कधी झाली, काम कधी झालं, तक्रार करणाऱ्या मुलीची सही आहे का. प्रत्येक वसतिगृहाच्या वहीतून 20 तक्रारी चिठ्ठ्या टाकून उचला. पूर्ण वही चाळायची गरज नाही. 100पैकी 50 गुण याला, 30 मुलींच्या निनावी चिठ्ठ्यांना, 20 मेस आणि पाण्याच्या टाकीच्या तपासणी नोंदींना द्या. चिठ्ठ्या रेक्टरांनी गोळा करायच्या नाहीत, हे सांगायला नको, तरी सांगतो. जुन्या इमारतीत नळ जास्त गळणारच. म्हणून दुरुस्तीचे दिवस मोजताना ज्या कामाला तुमच्याच कार्यालयाची मंजुरी लागते, ते दिवस वजा करा. नाहीतर फाइल तुमच्या टेबलावर पडून राहते आणि गुण रेक्टरांचे जातात.

परीक्षक तीन पुरेत, त्यातला एक बाहेरचा. आणि मावशी, वॉचमन काका यांच्यासाठी वेगळा पुरस्कार पहिल्याच वर्षी ठेवा.