वाचकांचे संगणकप्रश्न : ऐकू येते, पण बोलणे पोहोचत नाही

प्रश्न : मोबाइलबरोबर वापरत असलेला एका पिनेचा हेडसेट मी डेस्कटॉपच्या हिरव्या जॅकमध्ये लावतो, तेव्हा आवाज उत्तम ऐकू येतो, मात्र माझे बोलणे समोरच्याला मुळीच पोहोचत नाही. तीच पिन गुलाबी जॅकमध्ये लावली, तर माझा आवाज अगदी क्षीण, विहिरीतून आल्यासारखा रेकॉर्ड होतो. ड्रायव्हर दोनदा नव्याने टाकला, तरी फरक पडला नाही. माइक खराब झाला असेल का?

उत्तर : माइक बहुधा ठीक आहे आणि ड्रायव्हरचाही दोष दिसत नाही. आपण हेडसेटची पिन हातात घेऊन तिच्यावरील बारीक कड्या मोजाव्यात. तीन कड्या असतील, तर पिनेचे चार भाग पडतात आणि टोकापासून पाहिल्यास ते क्रमाने डावा कान, उजवा कान, ग्राउंड व माइक असे असतात. मोबाइलच्या जॅकमध्ये या चारही भागांसाठी स्वतंत्र संपर्क असतात. डेस्कटॉपवर मात्र ऐकण्यासाठी हिरवा आणि बोलण्यासाठी गुलाबी असे दोन वेगळे जॅक असतात आणि त्या प्रत्येकात तीनच संपर्कांची सोय असते. हिरव्या जॅकमध्ये आपल्या पिनेचे दोन्ही कान जोडले जातात, परंतु माइकची तार ज्या भागावर संपते, तेथून आवाज आत घेणारे त्या जॅकमध्ये काहीच नसते.

गुलाबी जॅकमध्ये मिळालेल्या क्षीण आवाजाचा उलगडा याहून अधिक रोचक आहे. तो जॅक माइकचा सिग्नल पिनेच्या टोकावर शोधतो, आणि आपल्या पिनेच्या टोकावर तर डावा कान आहे. हेडफोनचा छोटा स्पीकर म्हणजे चुंबक, तारेचे वेटोळे आणि पडदा. डायनॅमिक प्रकारच्या माइकची रचनाही हीच असते. त्यामुळे आपल्या आवाजाने तो पडदा कंप पावला आणि स्पीकरनेच, त्याच्या कुवतीप्रमाणे, माइकचे काम केले. याची खात्री करणे सोपे आहे. रेकॉर्डिंग सुरू करून आधी माइकवर आणि मग डाव्या कानाच्या स्पीकरवर नखाने हलकेच टिचकी मारावी. दुसरी टिचकी मोठी ऐकू आली, तर निदान पक्के झाले असे समजावे.

यावर उपाय म्हणजे एक साधा स्प्लिटर, पण तो घेताना हमखास चूक होते, म्हणून नीट सांगतो. आपल्याला हवा असलेल्या स्प्लिटरच्या एका टोकाला हेडसेटची पिन बसेल असे एकच सॉकेट असते आणि दुसऱ्या टोकाला डेस्कटॉपमध्ये लावायच्या दोन पिना असतात. दिसायला तसाच, पण दोन सॉकेट आणि एक पिन असलेला स्प्लिटरही मिळतो. तो दोन पिनांचा हेडसेट मोबाइलला जोडण्यासाठी असतो आणि आपल्या काही कामाचा नाही. काही जुन्या मोबाइलच्या हेडसेटमध्ये ग्राउंड आणि माइक यांच्या जागा एकमेकींशी बदललेल्या असतात. तसे असल्यास नेहमीच्या स्प्लिटरवर गाणे पोकळ वाटते आणि गायकाचा आवाज दबतो. अनेक डेस्कटॉपवर दिसणारा निळा जॅकही माइकसाठी वापरू नये. हेडसेटमधील माइकला चालण्यासाठी अल्पसा विद्युतदाब लागतो. तो गुलाबी जॅक पुरवतो, निळा पुरवत नाही.

स्प्लिटर लावल्यावरही आवाज गेला नाही, तरच सेटिंग्जकडे वळावे. विंडोज 10 आणि 11 मध्ये प्रायव्हसीखाली मायक्रोफोनची परवानगी असते आणि डेस्कटॉप अ‍ॅपसाठी तेथेच एक वेगळे बटण असते. ते बंद राहिले, तर माइक उत्तम असूनही अ‍ॅपला शांतताच ऐकू येते. माइक बूस्ट मात्र शेवटी आणि बेताने वाढवावा, कारण 20 डेसिबल बूस्ट म्हणजे सिग्नलची पातळी दसपट होते आणि त्यातली खरखरही तितकीच वाढते.

प्रश्न : माझ्या ब्लूटूथ हेडसेटवर गाणी सुरेख वाजतात, पण ऑनलाइन बैठक सुरू होताच सगळा आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. हेडसेट बदलून घ्यावा का?

उत्तर : बदलू नये, कारण त्याच रचनेचा दुसरा हेडसेटही तसाच वागेल. प्रचलित ब्लूटूथमध्ये गाणी ऐकण्याची आणि संभाषणाची पद्धत वेगळी असते. पहिलीत आवाज एकाच दिशेने, स्टिरिओमध्ये आणि चांगल्या दर्जाने येतो. एखाद्या अ‍ॅपने हेडसेटचा माइक उघडला, की जोडणी दुसऱ्या पद्धतीवर जाते. त्या पद्धतीत दोन्ही दिशांचा आवाज मोनो होतो आणि सेकंदाला 8,000 किंवा फार तर 16,000 नमुन्यांवर, म्हणजे आवाजाच्या तितक्या मोजमापांवर, येतो. सीडीच्या संगीतात हेच नमुने 44,100 असतात. नमुन्यांच्या निम्म्या संख्येपलीकडच्या कंप्रता नोंदवताच येत नाहीत, म्हणून आवाजातील तीक्ष्णता नाहीशी होते. बैठकीच्या अ‍ॅपमध्ये ऐकण्यासाठी ब्लूटूथ हेडसेट आणि बोलण्यासाठी वेबकॅमचा किंवा टेबलावरचा वेगळा माइक निवडला, की हा बदल टळतो. मात्र बैठक चालू असताना केवळ इतर अ‍ॅपचा आवाज हळू होत असेल, तर ते कारण निराळे आहे. संभाषण सुरू असताना इतर आवाज 80 टक्क्यांनी कमी करण्याची सोय विंडोजच्या साउंड पॅनेलमधील कम्युनिकेशन्स विभागात असते. तेथे काहीही न करण्याचा पर्याय निवडावा.

प्रश्न : कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये माइक लावला की सतत गुणगुण रेकॉर्ड होते. काय करावे?

उत्तर : प्रथम तोच माइक मागच्या गुलाबी जॅकमध्ये लावून पाहावा. पुढच्या जॅकची तार कॅबिनेटच्या आतून पंखे आणि वीजपुरवठा यांच्या जवळून मदरबोर्डापर्यंत जाते, आणि माइकचा सिग्नल इतका दुर्बळ असतो की वाटेतला विद्युत गोंगाट त्यात सहज मिसळतो. मागे लावल्यावर गुणगुण थांबली, तर माइक तेथेच राहू द्यावा. ती तेथेही टिकली, तर छोटे यूएसबी साउंड अडॅप्टर वापरून पाहावे. त्यात माइकचा आवाज मदरबोर्डाबाहेरच अंकांत बदलला जातो आणि पुढे यूएसबीतून केवळ अंकच जातात.